रामबागेच्या बोळातली पेलेट-तपासणी

१७ नोव्हेंबर २०२४

भाची मुक्ता एअर रायफलच्या स्पर्धांत उतरते. तिच्या रायफलला कोणता पेलेट (शिशाची छोटी गोळी) मानवतो, हे यंदा मोजून ठरवायचं. आजवरची रीत अशी की रेंजवर कुणीतरी म्हणायचं, "ही डबी एकदम मस्त चालते," आणि आपण तीच मागवायची. दोन महिन्यांनी दुसरं कुणी दुसरी डबी सुचवायचं. डब्या बदलत राहतात, गुण तिथेच.

जागा घरातच निघाली. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या वाड्याचा मधला बोळ दिंडीपासून मागच्या मोरीपर्यंत बारा मीटर भरतो. दहा मीटरची रेघ मारून वर दोन मीटर उरतात, तेवढ्यात टेबल आणि मी मावतो. मागची भिंत जुन्या बांधणीची, हातभर जाड. बोळात उघडणाऱ्या दोन्ही दारांना आतून कड्या. कड्या लागल्याशिवाय रायफलला हवेचा सिलिंडर जोडायचा नाही, हा नियम आईने घातला आणि तीच तो तपासते.

रायफल जर्मन बनावटीची, सेकंडहँड घेतलेली, दाबलेल्या हवेवर चालणारी. सिलिंडर २०० बारपर्यंत भरतो, आतला रेग्युलेटर तो दाब उतरवून प्रत्येक गोळीला सारखी हवा देतो. ०.५३ ग्रॅमचा पेलेट साधारण १७१ मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटतो, म्हणजे ऊर्जा पावणेआठ ज्यूल. ४.५ मिमीची नळी आणि २० ज्यूलच्या आतली ऊर्जा असेल तर एअर रायफलला परवाना लागत नाही. आपण त्याच्या निम्म्याहून खाली आहोत. शेजारच्या काकांना हे आजच समजावून सांगितलं, कारण त्यांनी विचारलंच असतं.

पीथमपूरहून भंगारातली बिडाची अँगल प्लेट आणली आहे. कारखान्यात निरीक्षण विभागात आयुष्य गेल्यामुळे एक खोड लागलीय: मोजायच्या वस्तूआधी मोजायचं साधन पक्कं करायचं.

२४ नोव्हेंबर

अँगल प्लेट ओट्यात बोल्ट घालून बसवली. रायफलचा बट (खांद्याला टेकणारा भाग) काढला आणि फक्त अॅक्शनच्या, म्हणजे नळीमागच्या धातूच्या मुख्य भागाच्या, खालची पट्टी व्ही-ब्लॉकमध्ये (खाचेच्या ठोकळ्यात) धरली. नळीला कुठेही हात लागत नाही. नळी चिमट्यात धरली की ती कशी थरथरते ते बदलतं, मग मोजमाप रायफलचं न राहता चिमट्याचं होतं.

समोर लोखंडी पेटी, आत तिरका पत्रा आणि त्यावर पुट्टीचा थर. पेलेट पुट्टीत रुततो, शिशाची धूळ उडत नाही. बोळात खाणंपिणं बंद, काम संपलं की साबणाने हात धुवायचे, मग चहा. साठलेलं शिसं वेगळ्या डब्यात.

लक्ष्याचं कार्ड धरायला दोन डॉवेल पिना बसवल्या. प्रत्येक कार्डाला तशीच दोन भोकं पाडली की कार्ड दर वेळी त्याच जागी बसतं. याचा उपयोग पुढे होणार आहे. एकाच भोकात दहा पेलेट गेले तर कोणता कुठे गेला ते कळत नाही. एका कार्डावर एकच पेलेट मारला आणि सगळी कार्डं स्कॅन केली, तर प्रत्येकाची जागा मिळते. काम वेळखाऊ आहे, म्हणून ते शेवटच्या फेरीत.

१ डिसेंबर

लक्ष्याचं गणित लिहून ठेवतो, नाहीतर मुक्ता दर वेळी विचारेल.

दहा मीटर एअर रायफलच्या कार्डावर दहाचा ठिपका ०.५ मिमी व्यासाचा, नऊचं वर्तुळ ५.५ मिमीचं. पेलेटची कड ठिपक्याला नुसती शिवली तरी १०.०. तेव्हा पेलेटचं केंद्र मधापासून २.५ मिमी दूर असतं. तिथून आत यायला लागलं की दर पाव मिलिमीटरला एक दशांश गुण वाढतो, आणि शेवटच्या पाव मिलिमीटरच्या आत १०.९. साठ गोळ्यांना कमाल ६५४.

मुक्ताची सरासरी सध्या ६१७ च्या आसपास, म्हणजे गोळीला १०.२८. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर तिचा पेलेट सरासरी १.६७ मिमी बाजूला जातो. यातलं तिचं किती आणि डबीचं किती, हा या सगळ्या खटाटोपाचा प्रश्न.

८ डिसेंबर

पहिल्या चार डब्या आल्या. चारही परदेशी बनावटीच्या, मॅचसाठीच्या. नावं मुद्दाम लिहीत नाही, अ, ब, क, ड म्हणतो. अ आणि ब एकाच कंपनीच्या, एकाच प्रकारच्या, दोन्हींवर हेडचा (पेलेटच्या पुढच्या भागाचा) व्यास ४.५० छापलेला. फरक फक्त तळाच्या चिकटपट्टीवरच्या लॉट क्रमांकाचा, म्हणजे कारखान्यातल्या खेपेचा.

डब्या आईच्या ताब्यात दिल्या. तिने चिठ्ठ्या काढून क्रम लावला आणि दहा-दहा पेलेट वाट्यांत ओतून मला दिले. कोणत्या वाटीत कोणती डबी ते तिच्या वहीत. महाग डबीचा ग्रुप (कार्डावर पडलेल्या भोकांचा झुबका) मोजताना व्हर्निअर आपोआप जरा जास्त घट्ट धरला जातो, मी तीस वर्षं दुसऱ्यांच्या हातून हे होताना पाहिलंय. आईला हा खेळ फार आवडला. तिची वही माझ्यापेक्षा नीट आहे.

मोजायची रीत: ग्रुपच्या भोकाची बाहेरून बाहेर सर्वांत मोठी रुंदी, त्यातून एकट्या पेलेटच्या भोकाची रुंदी वजा. ही एकट्या भोकाची रुंदी त्याच कार्डावर मोजलेली घ्यायची. कागद थोडा मागे येतो, म्हणून ४.५ धरून चालत नाही. उरतं ते केंद्र ते केंद्र अंतर.

१५ डिसेंबर

आज फक्त अ डबी, पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप, एकामागून एक. डबी तीच, रायफल तीच, चिमटा तोच, हवा तीच. सर्वांत लहान ग्रुप ०.९ मिमी, सर्वांत मोठा २.३.

हे दोन्ही शेजारी चिकटवून बोळाच्या भिंतीवर लावले आहेत. रेंजवर लोक पाच गोळ्यांचं एक छान कार्ड पाकिटात घालून फिरतात आणि त्यावर डब्यांची ऑर्डर देतात. हा ०.९ चा ग्रुप मी कुणालाही दाखवला असता तर त्याने अ डबीच्या दहा मागवल्या असत्या, २.३ चा दाखवला असता तर कचऱ्यात टाकली असती. पाच गोळ्यांत नशिबाचा वाटा इतका मोठा आहे की दोन डब्यांमधला खरा फरक त्याखाली सहज दडतो. यापुढे दहाचे ग्रुप, प्रत्येक डबीचे पाच, आणि सरासरी. एकही ग्रुप "हा धरायचा नाही" म्हणून बाजूला ठेवायचा नाही.

२२ डिसेंबर

महूहून सुभेदारसाहेब आले. निवृत्त आहेत, मूळचे साताऱ्याकडचे, नोकरीत महूला आले आणि तिथेच घर बांधलं. आर्मी मार्क्समनशिप युनिट, म्हणजे लष्कराचं नेमबाजी पथक, महूतच, लंडन २०१२ ऑलिम्पिकला रौप्य मिळवणारे विजय कुमार त्याच युनिटचे, त्यामुळे साहेबांच्या बोलण्यात नेमबाजी असते तशी आमच्याकडे पोह्यात शेव असते.

त्यांनी चिमटा हलवून पाहिला, दोन बोटांनी अॅक्शन दाबून पाहिली आणि म्हणाले, "भाऊ, पकड ठीक आहे. पण बोल्ट रोज कसून बघा, बिड थंडीत वेगळं वागतं." मग बोळभर नजर टाकून आईला म्हणाले, "माई, तुम्ही तर आर्मररच झालात."

शेजारचा बारावीतला मुलगा ओट्यावर बसून ऐकत होता. इंटरनेटवर परदेशातले लोक घरी काडतुसं भरताना पाहून आला होता. आपण तसं का करत नाही, असं त्याने विचारलं. साहेबांनी सरळ सांगितलं: १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे, यात हौस वगैरे काही चालत नाही. आणि दुसरं, ऑलिम्पिकच्या पन्नास मीटर रायफलमध्ये जी .२२ ची गोळी वापरतात ती घरी भरता येतच नाही. तिची ठिणगीची रसायनं केसच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाच्या, कडेतच भरलेली असतात, पिन कडेवर आपटते, एकदा उडाली की केस संपली. परदेशात लोक पुन्हा भरतात ती मोठ्या रायफलची, मध्यभागी प्रायमर (ठिणगीची टोपी) असलेली काडतुसं. तिथे केस, प्रायमर, दारू आणि बुलेट चारही बदलता येतात, म्हणून प्रयोगाला अंत नसतो. .२२ वाल्यांच्या हातात निवड तेवढी असते. ते गोळ्या बनवणाऱ्या कारखान्याच्या तपासणी-केंद्रात रायफल घेऊन जातात, तिथे लॉटमागून लॉट मारून पाहतात आणि जमलेला लॉट उचलतात. लापुआचं असं केंद्र जर्मनीत श्योनेबेकला आहे, एलीचं बर्मिंगहॅमला. पॅरिस ऑलिम्पिकला कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने ४५१.४ गुणांवर कांस्य घेतलं ते याच .२२ च्या तीन पोझिशनच्या प्रकारात.

मुलगा थोडा हिरमुसला. आपण इथे तेच करतोय, फक्त रामबागेत, असं म्हटल्यावर मात्र वाट्या धुवायला लागला.

५ जानेवारी २०२५

चार डब्यांची सरासरी आली. दहा गोळ्यांचे ग्रुप, केंद्र ते केंद्र:

अ: २.० मिमी
ब: १.३
क: १.५
ड: १.९

आईने वही उघडली तेव्हा मला सर्वांत मजेदार वाटलं ते अ आणि ब चं. एकच कंपनी, एकच नाव, एकच छापील व्यास, किंमतही तीच. आणि या दोहोंत जेवढं अंतर आहे तेवढं वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्यांत नाही. म्हणूनच वर नावं लिहिली नाहीत. "अमुक कंपनी चांगली" या वाक्याला माझ्या बोळात अर्थ नाही, "अमुक लॉट या नळीला चांगला" याला आहे. दुसऱ्याच्या नळीत अ पहिला येऊ शकतो.

१४ जानेवारी

संक्रांत. गच्चीवर पतंग, बोळात कुणी नाही. दुपारी वजनकाटा काढला.

सराफ्यातल्या ओळखीच्या पेढीवरून मिलिग्रॅम दाखवणारा काटा चार दिवसांसाठी मिळाला आहे. अ डबीतले पेलेट एकेक करून तोलले. बहुतेक ०.५२७ ते ०.५३३ ग्रॅममध्ये. त्यातले ०.५२९ ते ०.५३१ वाले वेगळ्या वाटीत. रेंजवर याला फार मान आहे, मुलांचे वडील रात्र रात्र तोलत बसतात.

आधी कागदावर. १७१ च्या वेगाने दहा मीटर जायला पेलेटला सुमारे ०.०६ सेकंद लागतो, तेवढ्यात तो १८ मिमी खाली येतो. ऊर्जा तीच धरली तर वजनात एक टक्का फरक म्हणजे वेगात अर्धा टक्का, आणि पडण्यात एक टक्का, म्हणजे ०.१८ मिमी. एक टक्का म्हणजे पाच मिलिग्रॅम. माझ्या डबीतले बहुतेक पेलेट त्याहून जवळ आहेत. तेव्हा तोलून फार तर एखाद्या केसाएवढा फायदा व्हायला हवा, तोही फक्त उभ्या दिशेत.

तोलताना एक पेलेट मात्र ०.५१२ निघाला. त्याचं गणित ०.६ मिमीवर जातं, म्हणजे पाव गुण. तो आतून पोकळ असावा, किंवा स्कर्ट (मागचा पोकळ घेर) पातळ.

१९ जानेवारी

तोललेले आणि न तोललेले, आईच्या चिठ्ठ्यांप्रमाणे आलटून पालटून. तोललेले १.९, न तोललेले २.०. या मोजमापात तो फरक फरक नाही.

मग लॉटमधला फरक येतो कुठून? उद्यापासून कारखान्यात शिफ्ट सुटल्यावर प्रोफाइल प्रोजेक्टर वापरायची परवानगी घेतली आहे.

२३ जानेवारी

प्रोजेक्टरच्या काचेवर पेलेट दहापट मोठा दिसतो आणि त्याचे सगळे दोष उघडे पडतात. अ डबीत हेडचा व्यास ४.४८ पासून ४.५२ पर्यंत पसरलेला. ब मध्ये जवळजवळ सगळे ४.४९ ते ४.५०. छापील आकडा दोन्हींवर ४.५०, आणि सरासरी काढली तर तो दोन्हींना खराच आहे.

शिवाय अ मध्ये काही पेलेटांच्या हेडच्या कडेला बारीक चीर, साच्याचे दोन भाग जुळतात तिथे. ब मध्ये ती शोधावी लागते. पेलेटची पुढची कड म्हणजे त्याचं सुकाणू, कागद तीच कापते आणि हवेत तोंड तीच देते. त्या कडेवरची खोट वजनकाट्याला दिसायचीच नाही.

प्रोजेक्टरवरचा मुलगा म्हणाला, "सर, हे आपल्या पार्टला असतं तर तुम्ही अख्खा लॉट परत पाठवला असता." खरंच पाठवला असता.

२६ जानेवारी

हातातल्या हाताळणीची परीक्षा. ब मधले काही पेलेट मुद्दाम टेबलावरून फरशीवर पाडले. स्कर्ट डोळ्याला दिसेल इतका चेपला, त्यांचा ग्रुप १.८ वर गेला. ज्यांच्या हेडला नखाने ओरखडा काढला त्यांचा त्याहूनही वाईट, आणि एक पेलेट तर एकटाच उजवीकडे निघून गेला. स्कर्ट नळीत शिरताना हवेच्या दाबाने थोडा तरी उघडतो, हेडला ती सोय नाही.

मुक्ताच्या किटमध्ये डबी उघडी, खडखडत फिरते. तिला स्पंजची चकती कापून दिली, डबीच्या झाकणाखाली बसवायला. ती म्हणाली, "मामा, एवढ्यासाठी तीन महिने?"

९ फेब्रुवारी

क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) आला, रेंजवरून उसना. आज पेलेटपेक्षा रायफलचीच जास्त माहिती मिळाली.

सलग मारत राहिलं तर वेग १७१ च्या अर्धा मीटर वर-खाली, उत्तम. पण दहा मिनिटं थांबून मारलेली पहिली गोळी १७४! पुन्हा थांबलो, पुन्हा १७४. दुसरी गोळी लगेच १७१ वर. रेग्युलेटरची सीट (झडपेची बैठक) पूर्ण मिटत नाही, थांबलेल्या वेळात मोठ्या बाजूची हवा झिरपून पुढच्या कप्प्यातला दाब चढतो, आणि पहिल्या गोळीला ती जास्तीची हवा मिळते.

तीन मीटर वेग म्हणजे पडण्यात सुमारे ०.६ मिमी. पहिली गोळी तेवढी वर. मॅचमध्ये मुक्ता मध्येच रायफल खाली ठेवून श्वास घेते, घोटभर पाणी पिते, आणि परत आल्यावरची गोळी वर जाते. तिचे सर म्हणत होते, विश्रांतीनंतर एकाग्रता मोडते. तिच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक शीटवर त्या गोळ्या शोधल्या. बऱ्याच वरच आहेत. सगळ्या नाहीत, तेव्हा सरांचंही थोडं खरं असावं.

रायफल उद्या कारागिराकडे. आत हात घालणं माझं काम नाही, २०० बार हा थट्टेचा आकडा नव्हे.

२३ फेब्रुवारी

सीट आणि ओ-रिंग बदलून आली. थांबून मारलेली पहिली गोळी आता जेमतेम एक मीटर पुढे. बाकी सगळं जागच्या जागी.

याच बैठकीत वेगाची परीक्षाही उरकली. कारागिराने वेगाचा स्क्रू कुठे आहे ते दाखवलं होतं. १६५, १७० आणि १७५ वर ब डबी. काडतुसं भरणारे दारू थोडी थोडी वाढवत जातात आणि रायफल कुठे खूश होते ते पाहतात, त्याचाच हा गरीब भाऊ. तिन्ही ग्रुप १.३ च्या आसपासच, एखाद्या वेगावर ही नळी विशेष प्रसन्न झाली असं काही दिसलं नाही. १७० वर ठेवून दिली.

२ मार्च

अ आणि ब ची शेवटची फेरी, एका कार्डावर एक पेलेट, प्रत्येकी चाळीस कार्डं. मुक्ताने स्कॅन केली, केंद्रं काढून दिली. मधल्या बिंदूपासून सरासरी अंतर अ चं ०.६५ मिमी, ब चं ०.४०.

आता मूळ प्रश्न. मुक्ताचं एकूण सरासरी अंतर १.६७, आणि ते अ डबीवरचं. नेमबाजाची चूक आणि पेलेटची चूक सरळ बेरजेने मिळत नाहीत, वर्गांच्या बेरजेने मिळतात. १.६७ च्या वर्गातून ०.६५ चा वर्ग वजा केला की मुक्ताचं स्वतःचं १.५४ उरतं. त्यात ब चे ०.४० मिळवले की १.५९. म्हणजे डबी बदलून गोळीमागे ०.०८ मिमी मिळाले. पाव मिमीला एक दशांश, तेव्हा साठ गोळ्यांना दोन गुणांच्या जरा आत.

सुभेदारसाहेबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "दोन गुण? निवड चाचणीत दोन गुणांवर पाच-सहा पोरं बसलेली असतात." मग थांबून, "पण भाऊ, तो दीड मिलिमीटर पोरीच्या खांद्यात आहे. तो डबीत मिळणार नाही." हे गणितही तेच सांगतं. उत्तमोत्तम पेलेट, ०.०० वाला, कुठे मिळाला तरी आणखी फार तर सव्वा गुण.

मुक्ताला मी हे सगळं कागदावर मांडून दाखवलं. तिने कागद घडी करून किटमध्ये टाकला आणि ताईला देवासला फोन करून सांगितलं की मामा म्हणतो खांदा सुधार.

१२ मार्च

ब लॉट दुकानातून संपला. डीलरकडे विचारलं तर "वो तो निकल गया, नया माल आया है, सेम है." सेम नाही हेच तर चार महिने मोजतोय. डीलरचा दोष म्हणता येत नाही, तो डब्या विकतो, लॉट नाही. ब ची आमच्याकडे दीड डबी उरली आहे, ती निवड चाचणीसाठी बाजूला.

व्यवहार असा ठरवला: नव्या मालातल्या तीन लॉटची एकेक डबी आधी घ्यायची, त्या प्रत्येक लॉटच्या काही डब्या पंधरा दिवस न विकता बाजूला ठेवायला थोडे पैसे आगाऊ द्यायचे, आणि तपासणी झाली की एकच लॉट उचलायचा. डीलर आधी हसला, मग म्हणाला की रेंजवरच्या आणखी दोघांनी असंच विचारलं तर त्यालाही बरं पडेल. दोघांना विचारतो.

१९ मार्च

रंगपंचमी. राजवाड्याकडे गेर (रंगांची मिरवणूक), अख्खं शहर रस्त्यावर. चाचणी नाही. बोळाच्या फटीतून आत आलेला गुलाल अँगल प्लेटवर बसलाय, रॉकेलने पुसली.

२३ मार्च

प, फ, भ हे तीन नवे लॉट. सगळ्यांवर ४.५०. पद्धत तीच, आईच्या चिठ्ठ्या, दहाचे पाच ग्रुप. सुरुवातीला नळीतून दोन फेल्ट (नमद्याचे बोळे) मारून ती साफ केली आणि मग वीसेक पेलेट नुसते मारून नळी बसू दिली. साफ केल्यावरच्या पहिल्या काही गोळ्या भटकतात, त्या मोजायच्या नाहीत.

प: १.८
फ: १.३
भ: १.४

फ आणि भ मधला फरक मी मानत नाही. तरी निवड करायचीच आहे, म्हणून दोघांचे पेलेट प्रोजेक्टरवर नेले. फ चे हेड जरा जास्त एकसारखे. फ.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारून पोहे-जिलेबी झाल्यावर डीलरला फोन केला. फ च्या बाजूला ठेवलेल्या सगळ्या डब्या आपल्या, भ च्या रेंजवरच्या त्या दोघांनी उचलल्या. त्यांनी त्यांच्या रायफलींवर तपासलेला नाही. माझ्या नळीला भ चालला म्हणून तुमच्या नळीला चालेलच असं नाही, हे मी दोनदा सांगितलं. एकजण म्हणाला, "भिया, आपके यहाँ चला तो चलेगा." पुढच्या महिन्यात त्यांच्या रायफली बोळात आणा असं सांगून ठेवलंय. आई वाट्या वाढवायला तयार आहे.

२० एप्रिल

गरमीची परीक्षा. दुपारी बोळात ३८ अंश. फेब्रुवारीतल्या सकाळी ११ अंशांवर घेतलेल्या आकड्यांपेक्षा वेग दोन मीटरने जास्त. ग्रुपचा आकार तोच, फक्त मधला बिंदू ०.४ मिमी वर. स्पर्धेच्या हॉलमध्ये एसी असला तर प्रश्नच नाही, नसला तर सुरुवातीच्या सराव-गोळ्यांत साइटचे एखाद-दोन क्लिक. मुक्ताला तेवढं लिहून दिलं.

सिलिंडरवरची निर्मितीची तारीख पाहिली, दहा वर्षांची मुदत संपायला अजून अवकाश आहे. तारीख वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने.

११ मे

फ लॉटच्या डब्यांवर आईने तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. सरावासाठी प आणि अ, मॅचसाठी फ, सरावात दर आठवड्याच्या शेवटच्या वीस गोळ्या फ च्या, म्हणजे साइट तिथेच राहील. पेटीतलं शिसं भंगारवाल्याला दिलं, वजन त्याच्या काट्यावर आणि आपल्या काट्यावर जुळलं नाही, नेहमीसारखं.

बाकी कामं: त्या दोघांच्या रायफलींसाठी व्ही-ब्लॉकचे वेगळे जबडे घासायचे. पावसाळ्यात बोळाला ओल येते, डब्या वरच्या मजल्यावर, सिलिका जेलच्या पुडीसह. फ ची एक डबी जुलैत पुन्हा तपासायची, ओलीने काही फरक पडतो का ते पाहायला. सराफ्यातला काटा पेढीवर परत पोहोचला, पावती वहीत.